पावसाळ्याआधी धावपट्टीवरचे दिवे उघडायला जाताना

जॅकेट, बूट, टॉर्च, वॉकी-टॉकी, पास यांचं काही सांगत नाही. ओ-रिंग, म्हणजे दिव्यात पाणी शिरू न देणारी रबरी कडी, घ्या. गेल्या मे महिन्यात नेमक्या या रिंगाच स्टोअरमध्ये विसरून राहिल्या होत्या.

जमिनीसपाट बसवलेला दिवा एकदा उघडला की जुनी रिंग परत लावायची नाही. दाबाखाली राहून ती चपटी झालेली असते. दिसायला धड, पण पाणी अडवत नाही. मग जुलैत आत पाणी शिरतं, काचेला आतून बाष्प धरतं, कनेक्टरवर हिरवट थर चढतो, आणि मुसळधार पावसात घाटकोपरवरून उतरणाऱ्या वैमानिकाला तो दिवा अंधुक दिसतो. त्याला सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच. म्हणून दिव्यांपेक्षा थोड्या जास्तच रिंगा घ्या, त्याच मॉडेलच्या. ‘जवळपास त्याच मापाची’ चालत नाही. परत आणायला जाऊ म्हणाल, तर आपल्या मुंबई विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. छेदावर काम रखडलं की दोन्ही अडतात. तेव्हा गाडी सुरू करण्याआधी पिशवी उघडून बघा.

वीज. दिवा विझलेला आहे म्हणजे सर्किट बंद आहे असं अजिबात समजू नका. दिवे मालिकेत जोडलेले असतात, पूर्ण तेजावर 6.6 अँपिअर. चालू सर्किटमधली केबल मध्येच सुटली, तर करंट टिकवण्यासाठी सीसीआर (सर्किटचा करंट कायम राखणारा रेग्युलेटर) व्होल्टेज चढवत नेतो आणि ते उघड्या टोकांवर येतं. माणूस जातो. सीसीआर बंद, कुलूप, टॅग, आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात.

टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट ठरावीक जोराने आवळायचा पाना, कॅलिब्रेट केलेलाच हवा. हाताच्या अंदाजाने आवळलेला बोल्ट चाकांच्या दणक्याने सुटतो. 2000 साली पॅरिसमध्ये धावपट्टीवर पडलेल्या धातूच्या पट्टीने कॉनकॉर्डचा टायर फाटला. विमानातले 109 आणि जमिनीवरचे 4 जण गेले. हत्यारं जाताना मोजा, येताना मोजा.

विमानं टेकतात तिथल्या काचांवर टायरचं रबर बसतं. तारेचा ब्रश लावू नका, चरे पडतात.

पापीचे, म्हणजे उतरताना उंची बरोबर आहे का ते वैमानिकाला दाखवणाऱ्या दिव्यांचे, चार डबे: 3 अंशांच्या उतारासाठी कोन 2°30′, 2°50′, 3°10′, 3°30′. कोनमापक न्या. दोन पांढरे, दोन लाल दिसले की विमान बरोबर उंचीवर. डबा जरा हलला तरी हा हिशोब चुकतो. भिंगावर दव असेल तर रंग मिसळतात, तेही बघा.

मग टॉवरला कळवणं, तेजाच्या सगळ्या पायऱ्यांवर दिवे लावून बघणं, नोंदवही. ते तुम्हाला माहीत आहे.

आणि काढलेल्या जुन्या रिंगा वेगळ्या पिशवीत टाका. उघडलेल्या दिव्यांइतक्या त्या भरल्याच पाहिजेत. एक कमी भरली, तर ती धावपट्टीवर पडली आहे किंवा कुठल्यातरी दिव्यात परत बसली आहे. सापडेपर्यंत धावपट्टी सोपवू नका.