रेडिएटर फॅनला हाताचा स्विच लावताय? या चुका टाळा

साखरपा मागे टाकून आंबा घाट चढू लागलं की जुन्या गाडीच्या टेंपरेचर काट्याकडे नजर जातेच. दुसऱ्या गियरवर ट्रकमागे रखडताना समोरून वारा मिळत नाही, सगळी भिस्त फॅनवर. थर्मो स्विच, म्हणजे इंजिन तापलं की फॅन आपोआप लावणारा स्विच, दगा देऊ लागला असेल, तर डॅशबोर्डवरून फॅन सुरू करता आलेला बरा. फक्त जोडणी नीट हवी.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फॅनचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून नेणं. फॅन साधारण 10 ते 20 अँपिअर खेचतो, सुरू होताना त्याहून जास्त. माझ्या गाडीत असंच जोडून दिलं होतं. महिनाभरात प्लास्टिक जळल्याचा वास आला आणि स्विच वितळलेला दिसला. रिले लावाच, म्हणजे छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. रिलेच्या 30 नंबरच्या पिनला बॅटरीची तार, 87 वरून फॅन, 86 ला चावी फिरवल्यावर येणारा पॉझिटिव्ह, आणि 85 स्विचमधून अर्थला, म्हणजे गाडीच्या बॉडीला. मग स्विचमधून जातो जेमतेम पाव अँपिअर. फ्यूज बॅटरीच्या जवळ हवा. तो रिलेपाशी लावला, तर मधली तार घासून बॉडीला टेकल्यावर काहीच वाचत नाही.

दुसरी चूक त्याहून घातक: थर्मो स्विचची तार कापून त्या जागी हाताचा स्विच बसवणं. एक दिवस तुम्ही विसरणार, आणि हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं सील) जाणार. हाताचा स्विच थर्मो स्विचला समांतर जोडा, म्हणजे फॅन आपोआपही चालेल. बऱ्याच गाड्यांत थर्मो स्विच रिलेला अर्थच देतो, पण ते गृहीत धरू नका, आधी मल्टिमीटरने तपासा. फॅनचा वेग कंप्युटर कमीजास्त करत असेल, तर त्या वायरिंगला हातच लावू नका.

चावी काढल्यावरही तुमचा स्विच फॅन चालवतोय? मग 86 ची तार थेट बॅटरीवर आहे. सकाळी गाडी ढकलावी लागेल. फॅन फिरतो पण वारा इंजिनाकडे येत नाही? दोन तारा उलट लागल्यात.

आता आपल्या कोकणातलं खास दुखणं. तारा पिळून वर काळी टेप गुंडाळली, की खारी हवा आत शिरते आणि एका पावसाळ्यात तांबं हिरवं पडतं. स्विच लागतो, रिले टिक करतो, फॅन मात्र ढिम्म; अशा वेळी मी आधी अर्थ बघतो. बॉडीचा रंग खरवडून थिंबल (तारेच्या टोकाचं धातूचं कडं) घट्ट आवळा, वर व्हॅसलीन लावा. जोड क्रिंप करून (धातूच्या नळीत दाबून) हीट श्रिंक, म्हणजे उष्णतेने आवळणारी नळी, चढवा. रिलेचं तोंड खाली ठेवा, पाणी साचत नाही.

काम करताना बॅटरीची निगेटिव्ह तार काढा; गरम इंजिनावर फॅन कधीही फिरू शकतो. आणि स्विच लावूनही काटा चढतच असेल, तर दोष कूलंट, थर्मोस्टॅट, वॉटर पंप किंवा चोक रेडिएटरचा. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, आणि पूर्ण थंड होईपर्यंत रेडिएटरचं झाकण उघडू नका.