प्रकाशन व्यवसायात हयात घालवलेल्या आत्याचे स्मरणलेखन कसे करावे

घरातली एखादी आत्या चार-साडेचार दशके प्रकाशनसंस्थेत काम करते, आणि तिच्या निधनानंतर पहिल्या स्मृतिदिनी एक छोटी पुस्तिका काढावी असे भाचरांच्या मनात येते. लिहायला बसल्यावर मात्र ध्यानात येते की तिचा स्वभाव, तिच्या हातची चव, दिवाळी अंकाच्या दिवसांत रात्री उशिरा घरी परतणे हे सगळे आपल्याला आठवते. ती कचेरीत नेमके काय करत होती, हे मात्र सांगता येत नाही. लेखकाचे काम त्याच्या नावावर छापले जाते. संपादन, मुद्रितशोधन (छपाईपूर्वीच्या नमुना-प्रतींतल्या, म्हणजे मुद्रितांतल्या, चुका काढणे) आणि निर्मिती करणाऱ्या माणसाचे काम दुसऱ्यांच्या नावाखाली छापले जाते. म्हणून अशा स्मरणलेखनाची सुरुवात आठवणींपासून न करता तिच्या कामाच्या मागापासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिले काम सूचीचे. तिच्या हातून गेलेल्या पुस्तकांची यादी करताना तिचे माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे शोधावीत, कारण लग्नाआधी नोकरी सुरू केलेल्या स्त्रीच्या सुरुवातीच्या वर्षांची नोंद माहेरच्या नावाखालीच सापडते. श्रेयपानावर नाव नसेल तर लेखकाचे मनोगत वाचावे. ‘मुद्रिते बारकाईने तपासणाऱ्या अमुकताई’ असा अर्ध्या ओळीचा उल्लेख पुष्कळदा तिथे असतो. मलपृष्ठावरचा निनावी मजकूर तिचा आहे का, हे जुन्या सहकाऱ्यांना विचारावे. दिवाळी अंकांची अनुक्रमणिकेजवळची श्रेयनामावली तर अवश्य पाहावी, कारण प्रत्येक अंकावर वर्ष छापलेले असते आणि त्यावरून नोकरीचा कालक्रम बऱ्यापैकी पक्का करता येतो.

घरात प्रती नसतील तर ग्रंथालये आहेत. ग्रंथ प्रदानाच्या १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील एकेका ग्रंथालयाला द्यायची असते. त्यांपैकी मुंबईतले ग्रंथालय म्हणजे एशियाटिक सोसायटीचे. सगळ्याच प्रकाशकांनी हा नियम पाळला असे समजू नये, पण शोध तिथून सुरू करता येतो. त्याखेरीज १८९३ साली स्थापन झालेले ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय आणि १८९८ पासूनचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय यांचे जुने संग्रह उपयोगी पडतात.

सूची हाती आल्यावर माणसांकडे वळावे, आणि इथे घाई करू नये. तिच्या बरोबरीचे संपादक आणि लेखक यांच्याआधी जुळारी (छपाईसाठी अक्षरे जुळवणारे), बांधणीवाले, चित्रकार आणि हिशेबनीस यांना भेटावे. लेखक मंडळी कृतज्ञतेने बोलतात, पण कामाचा तपशील छापखान्यातल्या माणसाला जास्त आठवतो. ‘त्या कशा होत्या?’ असा प्रश्न विचारला की ‘फार मायाळू होत्या’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी गॅली प्रुफे (पाने पाडण्याआधीच्या लांब पट्ट्यांवरची मुद्रिते) किती वेळा पाहिली जात, फर्मा (एका कागदावर एकत्र छापली जाणारी पाने) छपाईला सोडण्यापूर्वी शेवटची सही कोणाची असे, उशिरा आलेल्या लेखकाच्या दुरुस्त्यांनी पाने हलली की ती काय करत असे, मानधनाचे पत्र कोण लिहीत असे, असे विचारावे. तिची कारकीर्द साठच्या दशकात सुरू झाली असेल तर तिने खिळ्यांची (शिशाच्या सुट्या अक्षरांची) जुळणी, ऑफसेट (प्लेटवरून होणारी छपाई) आणि संगणकावरची अक्षरजुळणी अशी तिन्ही युगे पाहिलेली असणार, आणि प्रत्येक बदलात तिच्या हातचे काय गेले व काय नवे आले, हा तिच्या चरित्राचा गाभाच होऊ शकतो. शुद्धलेखनाचेही तसेच आहे. १९६२ चे नवे नियम आल्यावर ‘कांहीं’ या शब्दावरचे दोन्ही अनुस्वार गेले, आणि जुन्या वळणाच्या लेखकाच्या हस्तलिखितातून ते एकेक करून काढण्याचे, वर त्या लेखकाची समजूत घालण्याचेही काम मुद्रिते तपासणाऱ्यांच्या वाट्याला आले. असा एखादा प्रसंग कोणी सांगितला तर तो तपशीलवार उतरवून घ्यावा. तिच्या चिकाटीबद्दल पानभर विशेषणे लिहिण्यापेक्षा तो अधिक बोलका ठरतो.

तिच्या कपाटात लेखकांची पत्रे निघाली तर आनंद होणे साहजिक आहे, पण ती जशीच्या तशी छापू नयेत. पत्राचा कागद घरच्यांच्या मालकीचा असला तरी मजकुराचा कॉपीराइट पत्र लिहिणाऱ्याकडे आणि त्याच्या पश्चात वारसांकडे असतो. वारसांची लेखी परवानगी घ्यावी, आणि परवानगी मिळाली तरी ज्या पत्रांत तिसऱ्याच माणसाची निंदा किंवा पैशांची ओढाताण आहे ती बाजूला ठेवावीत. नकार कळवलेल्या हस्तलिखितांवरचे तिचे अभिप्राय सापडल्यास त्यांतली तिची भाषा जरूर उद्धृत करावी. लेखकाचे नाव गाळावे.

कागदांच्या टाचण्या आणि गंजलेल्या पिना आधी काढाव्यात, फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. निदान ३०० डीपीआयला स्कॅन करावे आणि तिच्या खुणा असलेल्या प्रुफांचे रंगीत स्कॅन घ्यावे, कारण लाल शाईची दुरुस्ती काळ्या-पांढऱ्या प्रतीत मजकुरात मिसळून जाते. तिच्या जुन्या संगणकावर पेजमेकर या पानमांडणीच्या प्रणालीतल्या फाइली असतील तर त्या युनिकोडपूर्व (सर्व संगणकांवर अक्षरे सारखीच वाचता येणारी पद्धत येण्यापूर्वीच्या) काळातल्या फॉन्टमध्ये असण्याचा संभव मोठा आहे. तो फॉन्ट नसेल तर नुसती निरर्थक अक्षरे दिसतात. संगणक भंगारात देण्यापूर्वी एखाद्या जुन्या अक्षरजुळणीकाराकडून त्या फाइलींचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावे.

प्रत्यक्ष लेखन जन्मगावापासून निघून अंत्यसंस्कारापर्यंत जावे असे बंधन नाही. एका पुस्तकाची हस्तलिखितापासून बांधणीपर्यंतची वाटचाल मध्यभागी ठेवून तिच्या आयुष्यातले इतर प्रसंग त्याभोवती सांगितले तर बाहेरच्या वाचकालाही ते वाचावेसे वाटते. ‘प्रसिद्धीपराङ्मुख’, ‘दीपस्तंभ’, ‘न भरून येणारी पोकळी’ हे शब्द तिने इतरांच्या मृत्युलेखांतून बहुधा स्वतःच खोडले असतील. ते तिच्या वाट्याला येऊ देऊ नयेत. तिचे मतभेद, तिचा तापटपणा, पगारवाढीसाठी तिने घातलेला वाद हेही लिहावे, मात्र हयात माणसांविषयीचा मजकूर त्यांना आधी दाखवावा.

शेवटी सूची जोडावी: पुस्तकाचे नाव, लेखक, वर्ष आणि तिचे काम नेमके काय होते ते. जिथे पुरावा छापील आहे आणि जिथे केवळ कोणाच्या सांगण्यावर नोंद केली आहे, तिथे वेगवेगळी खूण करावी. पुस्तिका छापण्यापूर्वी मुद्रिते घराबाहेरच्या माणसाकडून तपासून घ्यावीत, आणि प्रती नातेवाइकांत वाटताना दोन-तीन ग्रंथालयांसाठी राखून ठेवाव्यात. मूळ कागदपत्रे कोणाकडे द्यायची हे भावंडांनी आधीच ठरवून, यादीवर सह्या करून, पोचपावतीसह सुपूर्द करावीत.