किशोरांच्या प्रेमकादंबरीवर प्रामाणिक अभिप्राय कसा लिहावा
दादर ते बोरिवली उभ्याने वाचताना ज्या पानापाशी स्टेशन चुकता चुकता राहिले आणि ज्या पानावर जांभई आली, त्या दोन्हींचे क्रमांक तिकिटाच्या पाठीवर तिथेच टिपावेत; पुस्तक संपल्यावर शेवटाचा गोडवा मधला कंटाळा झाकून टाकतो. नायकाची पाळत किंवा संशय ‘प्रेम’ म्हणून खपवला आहे का, हे आवर्जून तपासावे. जेनी हान यांच्या २०१४ च्या ‘टू ऑल द बॉइज आय’व्ह लव्हड बिफोर’मध्ये नायिका लारा जीनची गुपचूप लिहिलेली पाच पत्रे टपालाने मुलांना रवाना होतात, ती कल्पना मला आवडली, लटके प्रेमप्रकरण मात्र ओळखीचे वाटले, आणि मी दोन्ही लिहिले. आपण चाळिशीचे असल्यास (मी आहे) तेही आरंभीच सांगावे.