दुकानाचं भाडं थकलं आणि मालकाची नोटीस आली, तर

नोटीस हातात पडली की आधी कपाटातला करारनामा काढा. तो भाडेकरार आहे की लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे जागा वापरायची नुसती परवानगी), यावर सगळं अवलंबून आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 मधलं कलम 15 भाडेकरूला वाचवतं, लायसन्सवाल्याला नाही. शिवाय भरणा झालेलं भागभांडवल एक कोटी किंवा जास्त असलेल्या कंपन्यांना हा कायदा लागू नाही. कोपऱ्यावरच्या किराणा किंवा स्टेशनरीवाल्याला ती अडचण नसते.

भाडेकरू असाल तर नोटिशीनंतर 90 दिवस उलटल्याशिवाय थकबाकीसाठी ताब्याचा दावा लावता येत नाही. या मुदतीतच पूर्ण रक्कम बँकेतून भरा. मालक पैसे घेत नसेल तर चेक पत्रासह स्पीड पोस्टानं पाठवा. पाकीट परत आलं तर न फोडता जपून ठेवा, कोर्टात तेच कामाला येतं. रोख देऊ नका, दिलीच तर पावती घ्या. पावती देणं मालकावर कलम 31 नुसार बंधनकारक आहे. नोटीस नाकारून काही साधत नाही. नाकारलेलं टपाल बहुधा मिळालंच असं धरलं जातं.

तरीही दावा लागलाच, तर समन्स बजावल्यापासून आणखी 90 दिवस मिळतात. खरी फसगत इथेच होते. नुसती थकबाकी भरून भागत नाही, तिच्यावर दरसाल 15 टक्के सरळ व्याजही कोर्टात भरावं लागतं. समजा भाडं 8,000 रुपये आहे. एका महिन्याचं भाडं एक महिना थकलं की व्याज 100 रुपये. दहा महिने थकले असतील तर सगळ्यात जुन्या महिन्याचे 1,000, त्यापुढच्याचे 900, असं करत शेवटच्याचे 100; व्याज झालं 5,500 आणि एकूण भरणा 85,500. नियमाप्रमाणे झालेली भाडेवाढ आणि कर बाकी असतील तर ते वेगळे. हिशेब पैसे भरण्याच्या दिवसापर्यंतचा धरा आणि शंका असेल तिथे थोडे जास्तच भरा. रक्कम कमी पडली की मालकाच्या वकिलाचं काम सोपं होतं. भरण्याआधी अर्ज आणि कोर्टाची परवानगी लागते, त्यात दिवस जातात, म्हणून शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. त्यानंतर दाव्याचा निकाल लागेपर्यंत दरमहा भाडं भरत राहायचं, आणि कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्चही. अनामत रकमेतून थकबाकी आपोआप वळती होईल, या भरवशावर राहू नका.

धंदा मंदावला म्हणून शटर पाडून गावी जाणं सगळ्यात वाईट: सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने जागा बंद राहिली की मालकाला ताबा मागायला आणखी एक कारण मिळतं. अर्धा गाळा दुसऱ्याला देऊन भाडं उभं करणंही तसंच, ते पोटभाडं ठरतं.

मालकानं वीज-पाणी तोडलं तर कलम 29 खाली कोर्टात अर्ज करा. परस्पर कुलूप ठोकलं तर सहा महिन्यांच्या आत विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम 6 खाली दावा लावा. कुलपाचा फोटो त्याच दिवशी काढा, पोलिसांत लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या.