ऑर्ग-मोडची फाइल एक्स्पोर्ट व्हायला फार वेळ लागतोय?

एका शब्दाची चूक दुरुस्त करून पीडीएफ काढायची, तर ऑर्ग (इमॅक्स या संपादकातली लेखन-सोय) फाइलमधले, ज्यांचा निकाल छापायचा आहे ते सगळे कोड ब्लॉक पुन्हा पहिल्यापासून चालवतं. आलेख काढणारे दोन-चार ब्लॉक असले की नुसतं बघत बसावं लागतं. उपाय एका ओळीचा आहे.

१. फाइलच्या सुरुवातीला प्रॉपर्टीची ओळ लिहा. त्यात हेडर-आर्ग्ज हे नाव आणि पुढे इव्हॅल या पर्यायाला नेव्हर-एक्स्पोर्ट ही किंमत द्या: #+PROPERTY: header-args :eval never-export

२. त्याच ओळीवर कर्सर ठेवून कंट्रोल-सी दोनदा दाबा. ही पायरी हमखास राहून जाते, आणि मग ओळ लिहूनही काहीच बदलत नाही.

३. आता प्रत्येक ब्लॉक एकदा हाताने चालवा. सगळे एकदम चालवायचे तर कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही आणि मग बी.

यापुढे एक्स्पोर्ट करताना कोड चालत नाही, ब्लॉकखाली साठवलेला निकाल तसाच उचलला जातो. हाताने मात्र ब्लॉक केव्हाही चालवता येतो.

कॅश (कोड तोच असेल तर साठवलेला निकाल वापरणं) हा पर्यायही चांगला आहे, कोड बदलला की तो ब्लॉक आपोआप पुन्हा चालतो. पण एक्स्पोर्ट फाइलच्या प्रतीवर होतो, त्यामुळे तिथेही ब्लॉक आधी एकदा हाताने चालवावाच लागतो, नाहीतर मूळ फाइलमध्ये काही साठवलंच जात नाही.

सांभाळायचं एवढंच: बाहेरची डेटा फाइल बदलली तर हे दोन्ही पर्याय जुनाच निकाल छापतात. कोणाला पाठवायची अंतिम प्रत काढण्याआधी तिसरी पायरी पुन्हा करा. कॅश लावलेल्या ब्लॉकवरचा कॅश त्याआधी काढा.