लेखिकेला बोलावण्याआधी आणि बोलावल्यावर

लेखिकांची पुस्तके एकत्र वाचायची, त्यांवर चर्चा करायची आणि पुढे लेखिकेलाच गप्पांना बोलवायचे, असा बेत आखणाऱ्या वाचक गटांना माझा पहिला सल्ला असा की, ही दोन्ही कामे एकाच दिवशी उरकू नयेत. लेखिका समोर बसली की भिडेपोटी न पटलेले कोणी बोलत नाही आणि चर्चेचे अभिनंदन होऊन जाते. म्हणून पहिली बैठक तिच्या गैरहजेरीत फक्त पुस्तकावर घ्यावी आणि तीनेक आठवड्यांनी दुसरी तिच्यासोबत. आठ-दहा जण पुरेसे असतात.

गट नवा असेल, तर हयात नसलेल्या लेखिकेच्या पुस्तकावर हात बसवून घ्यावा. लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' त्यासाठी फार चांगले. वडिलांचे सोवळ्याचे वेड, १८९५ मध्ये पतीने स्वीकारलेला ख्रिस्ती धर्म आणि त्यानंतरची ताटातूट हे सारे वाचून कोणीतरी हमखास म्हणते, "किती सोसलं हो बाईंनी!" हा उद्गार खरा असला, तरी तिथे थांबले की चर्चा संपते. त्याऐवजी, इतके सोसल्याची हकिकत सांगताना त्या आपल्याला हसवतात कशा, असे विचारावे आणि उत्तर देणाऱ्याने ते वाक्य काढून मोठ्याने वाचावे. आमच्याकडे प्रत्येकाने दोन चिठ्ठ्या आणायच्या असतात. चिठ्ठीवर वर पान क्रमांक आणि खाली एकच प्रश्न. पान क्रमांक नसलेली चिठ्ठी आम्ही बाजूला ठेवतो. हा नियम सुरुवातीला जाचक वाटतो, पण पुस्तक सोडून बाईंच्या नशिबावर घसरणारी चर्चा त्यानेच आवरते.

हे घसरणे जुनेच आहे. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' विभावरी शिरूरकर या टोपणनावाने आले, तेव्हा कथांइतकीच चर्चा त्या लिहिणारी व्यक्ती कोण असेल याची झाली. लेखिकेने कादंबरी लिहिली की नायिका म्हणजे तीच, असे आपण आजही सहज गृहीत धरतो. "हे तुमच्या आयुष्यात घडलंय का?" आणि "घर सांभाळून लिहायला वेळ कसा मिळतो?" हे दोन प्रश्न आधीच बाद करावेत, कारण पुरुष लेखकाला ते कोणी विचारत नाही.

आत्मकथनाचे काय, असा प्रश्न इथे रास्तच आहे. त्याचे उत्तर बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' या पुस्तकाने मला दिले. १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या या आत्मकथनाच्या शीर्षकातच 'माझं' नाही, 'आमुचं' आहे, आणि आतही एका बाईपेक्षा अख्खा महारवाडा बोलतो. हे लेखन त्यांनी घरच्यांपासून कागद लपवत वर्षानुवर्षे केले होते, आणि नवऱ्याकडून स्वतःला झालेल्या मारहाणीविषयी त्या उघडपणे बोलल्या त्या एका मुलाखतीत. पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद करणाऱ्या माया पंडित यांनी घेतलेली ती मुलाखत २००८ च्या अनुवादासोबत छापली गेली. पुस्तकात स्वतःचे दुःख मागे ठेवून समाजाचे पुढे आणणे ही लेखिकेची निवड होती. मला वाटते, विचारणारीने एकेक शब्द पारखून तो मजकूर आधी दुसऱ्या भाषेत नेला होता, म्हणूनच तिला इतके विश्वासाने सांगितले गेले. आपणही पुस्तकात काय आले आहे हे नीट पाहिले, तरच काय वगळले आहे हे विचारण्याचा अधिकार मिळतो. तेही विचारावे हळुवारपणे, आणि "त्याबद्दल बोलायचं नाही" हे उत्तर मान्य करून.

निमंत्रण प्रकाशकामार्फत पाठवावे. पत्रात कोणते पुस्तक वाचले, किती जणांनी वाचले, वेळ, प्रवासखर्च आणि मानधन हे स्पष्ट लिहावे. मानधनाचा आकडा कमी असला तरी चालेल, पण तो मोघम ठेवू नये. शाल-श्रीफळ म्हणजे मानधन नव्हे. प्रती विकत घ्याव्यात किंवा ग्रंथालयातून आणाव्यात. झेरॉक्स काढलेली पुस्तके मांडीवर घेऊन लेखिकेसमोर बसणे मला तरी लाजिरवाणे वाटते.

ओळख करून देणाऱ्याला तीन मिनिटे द्यावीत आणि मजकूर आधी पाहून घ्यावा. एका कार्यक्रमात लेखिकेच्या पतीचा हुद्दा आणि मुलांची शिक्षणे सांगून झाली, पण ज्या कथासंग्रहासाठी आम्ही जमलो होतो त्याचे नावच राहून गेले; त्या शांतपणे पाण्याच्या पेल्याकडे पाहत बसल्या होत्या, ते मी अजून विसरले नाही.

गप्पांची सुरुवात प्रश्नाने न करता वाचनाने करावी. गटाने निवडलेले पान लेखिकेला वाचायला द्यावे. ती कुठे थांबते, कोणता शब्द हलका घेते, यातूनच पहिला प्रश्न मिळतो. सूत्रसंचालकाने चिठ्ठ्या विषयवार लावून ठेवाव्यात आणि उत्तरानंतर थोडे थांबावे, कारण पुष्कळदा खरे उत्तर त्या शांततेनंतर येते. पहिल्या बैठकीतला मतभेदही इथे मांडावा: "शेवट आम्हाला घाईचा वाटला, पान अमुकपासून." लेखिका अशा वाक्याने दुखावत नाहीत, उलट खुर्ची पुढे ओढून बसतात. ध्वनिमुद्रण करायचे असेल, तर परवानगी सुरुवातीलाच घ्यावी, आणि त्यातले काही छापायचे झाले, तर मजकूर आधी त्यांच्या नजरेखालून घालावा.