पॅनकेक डे: इंग्लंडची गटारी घरच्या घरी

यूकेत नवीन आलात की ख्रिसमस, ईस्टर वगैरे माहीत असतं, पण फेब्रुवारीत अचानक दुकानात मैदा, अंडी आणि लिंबांचा ढीग पुढे मांडलेला दिसतो आणि काही कळत नाही काय चाललंय. तर तो श्रोव्ह ट्यूसडेचा माल, पण सगळे पॅनकेक डेच म्हणतात. ईस्टरच्या ४७ दिवस आधीचा मंगळवार, म्हणून तारीख हलते, २०२६ मध्ये १७ फेब्रुवारी, २०२७ मध्ये ९ फेब्रुवारी. दुसऱ्या दिवसापासून लेंट, म्हणजे ख्रिश्चनांचा ईस्टरआधीचा उपास, त्यात पूर्वी अंडी, दूध, लोणी काही चालायचं नाही, मग घरात आहे ते संपवा, म्हणजे आपली गटारीच की, फक्त कोंबडीऐवजी अंड्यावर भागवतात 😄 गोव्याचा कार्निव्हल पण याच मंगळवारी संपतो.

आता कृती. १०० ग्रॅम मैदा (सेल्फ रेझिंग आणू नका, ते फुगतं), २ अंडी, ३०० मिली दूध, चिमूटभर मीठ. आधी मैद्यात अंडी आणि थोडंसंच दूध घालून गुठळ्या मोडायच्या, मग बाकीचं दूध, सगळं एकदम ओतलंत तर गुठळ्या काढत बसाल. पीठ घावनाइतकं पातळ हवं, अमेरिकन जाड पॅनकेक डोक्यातून काढा. अर्धा तास झाकून ठेवा.

नॉनस्टिक पॅन चांगला तापवा, तेलाचा नुसता हात फिरवा, पळीभर पीठ ओतून पॅन लगेच गोल फिरवायचा, डाव फिरवायचा नाही. पहिला बिघडतोच, आपल्या पहिल्या घावनासारखा, तो करणाऱ्याने उभ्या उभ्या खायचा. कडा सुटल्या आणि पॅन हलवल्यावर आख्खा सरकला की उडवा. माझा एक शेगडीवर पडला होता त्यामुळे सांगते, मनगटाचा झटका छोटा ठेवा, नाहीतर गपचूप उलथनं घ्या, कोण बघतंय.

वरून साखर आणि लिंबू पिळायचं, गुंडाळी करून गरम गरम. न्यूटेला वगैरे पोरांना द्या, पण एकदा तरी लिंबू-साखर खाऊन बघाच. अंडं खात नसाल तर पीठ जरा घट्ट आणि पॅनकेक छोटे करा, मोठे उलटताना तुटतात.

जमलं तर बकिंगहॅमशरमधल्या ओल्नी गावची शर्यत बघायला जा. तिथे बायका हातात पॅन घेऊन ४१५ यार्ड पळतात, म्हणे १४४५ मध्ये एक बाई चर्चची घंटा ऐकून पॅनसकट धावत सुटली तेव्हापासूनची प्रथा. १९५० पासून अमेरिकेत कॅन्ससमधल्या लिबरल गावाशी त्यांची वेळेवरून चुरस असते. डर्बीशरच्या ॲशबर्नमध्ये त्याच दिवशी अख्खं गाव दोन बाजू करून फुटबॉल खेळतं, गोल एकमेकांपासून ३ मैल लांब, तिकडे लहान मुलांना घेऊन गर्दीत घुसू नका.

आणि हो, लिंबं सोमवारीच आणून ठेवा.